तोंड वाकडं झालंय, आज बारावा दिवस. चेहऱ्याचे व्यायाम कधी आणि किती करायचे?

शब्दरूप, इंदूर
२० जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार. मी राजेंद्र नगरात राहते, शाळेत संस्कृत शिकवते. वय ४६. ९ जानेवारीला सकाळी चूळ भरली आणि पाणी उजव्या कोपऱ्यातून ओघळून गाऊनवर आलं. वाटलं, झोप उतरली नसेल. मग आरशात पाहिलं. उजवा डोळा मिटत नव्हता, भुवई खाली आलेली, ओठ डावीकडे ओढलेले. आदल्या दिवशी उजव्या कानामागे ठणकत होतं, ते मी सर्दीवर ढकललं होतं.

यजमान लगेच डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी भुवया उंचवायला लावल्या, डोळे मिटायला, दात दाखवायला सांगितले, हातापायांतली ताकद पाहिली, कानात बॅटरी मारून पाहिलं. बेल्स पाल्सी म्हणाले, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा. प्रेडनिसोलोन, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड, त्याच दुपारी सुरू झालं, दहा दिवसांच्या गोळ्या परवा संपल्या. डोळ्यात दिवसा थेंब आणि रात्री मलम चालू आहे.

प्रश्न पुढचा आहे. 'फिजिओथेरपी करा' एवढंच चिठ्ठीवर लिहिलंय. घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेले. पहिल्याच दिवशी वीस मिनिटं गालाला करंट लावला आणि हातात १६ व्यायामांचा छापील कागद दिला. फुगा फुगवा, च्युइंगम चघळा, डोळे जोरात आवळा. प्रत्येकी ५० वेळा, दिवसातून तीनदा. चार दिवस इमानाने केलं. उजवी बाजू तसूभर हलत नाही, उलट डावी बाजू जास्तच ताणल्यासारखी वाटते.

दरवर्षी मी सहावीच्या मुलांना शिकवते की प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, दोन्ही ओठ जुळल्याशिवाय ते होत नाहीत. आज मला 'पुष्पम्' म्हणता येत नाही, हवा उजवीकडून निसटते. रजा टाकली आहे. पोहे खाल्ले की शेव उजव्या गालात अडकून बसते आणि बोटाने काढावी लागते, त्यामुळे कुणासमोर खात नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, स्कूटरवर मफलर का नाही बांधला, हवा लागली. खरंच माझ्या हलगर्जीपणाने झालं का हे?

---

निमाडकन्या
२० जानेवारी, रात्री १०.१५

माझ्या भावाला झालं होतं. सहा आठवड्यांत पूर्ण बरा झाला. व्यायाम फारसे केलेच नव्हते. धीर धरा ताई.

---

लष्करवाला, ग्वाल्हेर
२१ जानेवारी, सकाळी ७.०५

ताई, हात जोडून सांगतो, तो फुगा ठेवून द्या.

सहा वर्षांपूर्वी माझ्या चेहऱ्याची डावी बाजू गेली. पहिले चार दिवस घरातल्यांनी 'हवा लागलीय, शेक घे, उतरेल' म्हणत घालवले, गोळ्या पाचव्या दिवशी सुरू झाल्या. दोन महिने काहीच हलेना, तेव्हा मी चिडून व्यायाम केले. अक्षरशः चिडून. सकाळ-संध्याकाळ फुगे, जबडा दुखेपर्यंत च्युइंगम, डोळे असे आवळायचो की कपाळ दुखायचं. चौथ्या महिन्यात हालचाल आली, आईने पेढे वाटले. पण आली ती गुंतून आली. हसलो की डावा डोळा बारीक होतो. घास चावताना त्याच डोळ्यातून पाणी गळतं. मुलीच्या लग्नाच्या एकाही फोटोत मी हसलेलो नाही.

सगळं फुग्यानेच झालं असं छातीठोक म्हणणार नाही. नस उशिरा भरून आली की असं होऊ शकतं, हे मला पुढे कळलं. पण त्या जोर लावण्याने माझं भलं काहीच झालं नाही.

---

विश्वामित्री, वडोदरा
२१ जानेवारी, दुपारी २.३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १७ वर्षं हेच काम करते आहे. तुमचा चेहरा प्रत्यक्ष पाहिलेला नाही, म्हणून जे बहुतेकांना लागू पडतं तेवढंच लिहिते.

आधी मफलरचं. चेहऱ्याची नस, म्हणजे मेंदूतून निघणारी सातवी नस, कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून बाहेर येते. तिला सूज आली की फुगायला जागा नसते आणि ती दाबली जाते. तुमचं कानामागचं ठणकणं तेच होतं. काहींची जिभेच्या पुढच्या भागाची चव जाते, काहींना त्या कानात भांड्याचा आवाजही असह्य होतो, कारण त्या तंतूंची वाट याच नसेतून जाते. सूज का येते याबाबत सर्वांत जास्त संशय नागिणीच्या कुळातल्या, ओठावर पुळ्या आणणाऱ्या हर्पिस विषाणूवर आहे. तो वर्षानुवर्षं नसेत झोपलेला असतो आणि कधीतरी जागा होतो. मधुमेहात आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा आजार जास्त दिसतो. थंड हवेचा दोष सिद्ध झालेला नाही. तेव्हा स्वतःला बोल लावणं आजपासून बंद.

तुमचं सर्वांत मोठं काम पहिल्या दिवशीच झालं आहे. स्कॉटलंडमध्ये जवळपास ५०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन मिळालेल्यांपैकी नऊ महिन्यांनी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे होते, न मिळालेल्यांपैकी ८२ टक्के. निमाडकन्या यांचा भाऊ काही न करता बरा झाला, तेही खरंच असणार. कोपनहेगनमध्ये उपचार न घेतलेल्या दीड हजारांहून जास्त रुग्णांची २५ वर्षं नोंद ठेवली गेली, त्यांतले ७१ टक्के आपोआप पूर्ववत झाले. ८५ टक्के लोकांत पहिल्या तीन आठवड्यांत काहीतरी हालचाल परतली होती. तुमचा आज तेरावा दिवस आहे.

आता व्यायाम. हातापायाचा हिशेब चेहऱ्याला लावता येत नाही. दंडाचा स्नायू हाडाला जोडलेला असतो, वजन उचललं की वाढतो. चेहऱ्याचे स्नायू कातडीला जोडलेले, पातळ, आणि आपण किती ताणलो हे मेंदूला कळवणारी सोय त्यांच्यात जवळजवळ नसते. म्हणून डोळे मिटून, नुसत्या अंदाजाने चेहऱ्याचा व्यायाम होत नाही, आरसा लागतो. आणि म्हणूनच ५० वेळा जोर लावण्यात अर्थ नाही. नस अजून पोचलेली नसताना तुम्ही जोर लावता तेव्हा काम करतो तो फक्त डावा गाल. तो दांडगा होत जातो आणि तोंड आणखी तिकडे ओढतो. तुम्हाला वाटलं ते बरोबर वाटलं.

सध्या उजवी बाजू सैल आहे तोवर एवढंच करा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला नॅपकिन पाच मिनिटं गालावर ठेवा. आधी मनगटावर लावून पाहा. मग बोटांच्या पेरांनी हनुवटीपासून कानाकडे, वरच्या दिशेने अगदी हलका हात फिरवा. त्यानंतर आरशासमोर बसून डावा गाल तळहाताने धरून ठेवा, त्याला पळू द्यायचं नाही, आणि उजव्या कोपऱ्याला बोटाचा आधार देऊन मंद हसण्याचा नुसता विचार करा. हो, विचारच. हालचाल दिसली नाही तरी मेंदूकडून निरोप जाऊ द्यायचा. भुवई, नाक, ओठ, प्रत्येकी पाच वेळा. दिवसातून दोनदा, दहा मिनिटांच्या वर नाही. जेवताना उजव्या गालाला बाहेरून तळहाताचा आधार दिलात तर शेव अडकणार नाही.

डोळा मिटायची एक युक्ती आहे. आधी नजर खाली, मांडीकडे न्या, मग पापणी सोडा. वर बघत किंवा आवळत मिटायला गेलं तर बुबुळ वर पळतं आणि पापणी अर्ध्यावर राहते.

करंटबद्दल: आपल्याकडे 'शेक आणि करंट' हा रिवाज आहे. त्याने नस लवकर भरते असा भक्कम पुरावा आजवर मिळालेला नाही, आणि गुंतागुंतीच्या हालचाली वाढण्याची भीती अनेक जण व्यक्त करतात. मी स्वतः देत नाही. ज्यांनी सुचवलं त्यांना 'कशासाठी' हे मोकळेपणी विचारा, तो तुमचा हक्क आहे. मशीन विकत आणून घरी तर मुळीच लावू नका.

---

चाफेकळी
२१ जानेवारी, सायंकाळी ६.२०

आयुर्वेदात याला अर्दित म्हणतात, वातव्याधींत धरतात. माझ्या मावशीला वैद्यांनी नस्य, म्हणजे नाकात औषधी तेलाचे थेंब, दिलं होतं. बुटाटी धामलाही नेलं, ते देवस्थान राजस्थानात नागौर जिल्ह्यात आहे, लकव्याचे रुग्ण सात दिवस राहून प्रदक्षिणा घालतात. ती बरी झाली. श्रद्धा असेल तर जाऊन या.

---

विश्वामित्री, वडोदरा
२१ जानेवारी, रात्री ९.००

चाफेकळी, श्रद्धेने मनाला बळ येतं, त्याला माझा नकार नाही. नस्य घ्यायचं तर शिकलेल्या वैद्यांकडूनच, घरी नाकात तेल ओतून नाही. एकच विनंती, हे सगळं गोळ्यांच्या आणि डोळ्याच्या काळजीच्या सोबत असावं, त्यांच्याऐवजी नाही. पहिले तीन दिवस प्रवासात गेले तर ते परत मिळत नाहीत.

---

शब्दरूप, इंदूर
२२ जानेवारी, सकाळी ८.१०

रात्री दोनदा वाचून काढलं सगळं. लष्करवाला भाऊ, तुम्ही मुलीच्या लग्नाचं लिहिलंत ते वाचून रडू आलं. फुगा नातवाला दिला, क्लिनिकला फोन करून उरलेले दिवस रद्द केले. देवघरातला छोटा आरसा आता जेवणाच्या टेबलावर आहे.

---

शब्दरूप, इंदूर
१४ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

नाकपुडी हलली!

काल रात्री भाकरी करताना कसलातरी वास आला आणि उजवी नाकपुडी किंचित फुलल्यासारखी वाटली. हात धुऊन आरशापुढे बसले, पाच-सात वेळा काहीच नाही, मग पुन्हा झाली. यजमानांना हाक मारली, त्यांनी चष्मा लावून पाहिलं. भाकरी करपली. ३६ दिवस झाले होते.

---

विश्वामित्री, वडोदरा
१४ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

अभिनंदन ताई! तुटलेला तंतू नव्याने वाढतो तो साधारण दिवसाला एक मिलिमीटर. कानामागून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर बोटांनी मोजून पाहा, वेळ का लागतो ते कळेल.

खरी काळजी आता घ्यायची आहे, कारण हालचाल दिसली की माणूस हावरा होतो. नियम एकच: उजवी बाजू जेवढी हलेल, डावीने तेवढंच हलायचं. उजवा कोपरा दोन मिलिमीटर जात असेल तर हसू दोन मिलिमीटरचंच. ओठ मिटून हळू हसा, तीन मोजेपर्यंत धरा, तितक्याच हळू सोडा. मग चेहरा पूर्ण सैल. सोडणं हाही व्यायामाचा अर्धा भाग आहे. पाच वेळा झालं की पुढचा स्नायू: भुवई, नाक मुरडणं, ओठांचा चंबू, खालचा ओठ. थकवा जाणवला की थांबायचं, कारण थकलेला स्नायू शेजाऱ्याला मदतीला बोलावतो.

आणि हसताना उजव्या डोळ्यावर नजर ठेवा. तो बारीक व्हायला लागला त्या क्षणी हालचाल थांबवा आणि त्याच्या अलीकडेपर्यंतच जा.

---

जीरावण
१५ फेब्रुवारी

वाचतोय. वडिलांना मधुमेह आहे आणि हेच झालंय, सातवा आठवडा. त्यांना स्ट्रॉने पाणी प्यायला सांगितलंय, ते योग्य का?

---

विश्वामित्री, वडोदरा
१५ फेब्रुवारी

सुरुवातीला पाणी सांडू नये म्हणून सोय म्हणून ठीक, स्ट्रॉ चांगल्या बाजूने धरायला सांगा. व्यायाम म्हणून जोरात ओढायला लावू नका. मधुमेहात नस भरायला वेळ लागू शकतो, साखर ताब्यात ठेवणं हाच त्यांचा पहिला व्यायाम समजा. तीन महिने पूर्ण होऊनही काहीच हलत नसेल तर पुन्हा तज्ज्ञांना दाखवा, दुसरं काही कारण नाही ना हे पाहावं लागतं.

---

शब्दरूप, इंदूर
रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

काल पूर्ण इंदूर राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेलं आणि मी पडदे ओढून घरी बसले. टँकरमधून उडणारं पाणी, हवेत गुलाल, आणि माझी पापणी अजून एक रेघभर उघडी राहते. एक कण गेला तर बुबुळाला ओरखडा येईल, जोखीम नको. लेकाने व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. मी हसले, आणि तो म्हणाला, "आई, तुझं हसू दोन्हीकडे आलं."

कागदावर नोंद ठेवते आहे. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात तीन फोटो: चेहरा सैल, डोळे मिटलेले, मंद हसू. रोज आरशात फरक दिसत नाही, जीव रडकुंडीला येतो. चार रविवार शेजारी ठेवले की दिसतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण जो कुणी या दुखण्यात असेल त्याने जरूर करावं.

वर्णांचाही क्रम लागला. आधी 'म' आला, त्याची हवा नाकातून जाते म्हणून असेल. मग ब आणि प. फ आणि भ अजून निसटतात, त्यांना हवा जास्त अडवावी लागते. सोमवारपासून शाळेत जाते आहे. पहिल्या तासाला मुलांना सरळ सांगितलं की बाईंच्या चेहऱ्याची एक नस आजारी होती, बरी होते आहे, आज काही अक्षरं अस्पष्ट येतील. एक मुलगी म्हणाली, मग ती अक्षरं आम्ही म्हणू. फ आणि भ आला की सगळा वर्ग म्हणतो.

---

शब्दरूप, इंदूर
२ जून

जवळपास पाच महिने झाले. चेहरा शांत असताना कुणाला ओळखू येत नाही. पण पंधरा दिवसांपासून ओठांचा चंबू केला की उजवा डोळा किंचित मिटतो. विश्वामित्री, हेच ते का? चहावर फुंकर घालतानाही होतंय. काल रात्रभर झोप नाही.

---

विश्वामित्री, वडोदरा
२ जून

हो ताई, हीच ती गुंतलेली हालचाल, सिनकायनेसिस म्हणतात. वाढताना काही तंतू चुकीच्या घरी पोचतात, ओठाकडे निघालेला निरोप डोळ्यालाही मिळतो. हे तुमच्या चुकीने झालेलं नाही. किंचित आहे आणि लवकर लक्षात आलं आहे.

आता ताकद वाढवणारं सगळं बंद. आरशासमोर डोळे मोठे, मऊ ठेवा आणि चंबू इतका लहान करा की डोळा हलणारच नाही. तिथेच थांबा, सोडा. रोज केसभर पुढे. गालात आवळल्यासारखं वाटत असेल तर हात स्वच्छ धुऊन अंगठा गालाच्या आत, बोटं बाहेर, आणि तो भाग हलकेच ओठाकडे ताणून अर्धा मिनिट धरा. आता मात्र कुणातरी जाणत्याला प्रत्यक्ष दाखवा, लिहून पुरणार नाही.

लष्करवाला भाऊ, हे तुमच्यासाठीही आहे. सहा वर्षं झाली म्हणजे दार बंद झालं असं नाही. जुन्या दुखण्यातही या सावकाश सरावाने फरक पडतो, आणि डोळ्याभोवतीच्या स्नायूत बोट्युलिनमचं बारीक इंजेक्शन देऊन तो काही महिन्यांसाठी शांत करता येतो. तेवढ्या काळात सराव जास्त चांगला होतो.

---

लष्करवाला, ग्वाल्हेर
५ जून

हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे.

---

सराफा_गल्ली, इंदूर
११ नोव्हेंबर, रात्री ८.५५

धागा वर आणतेय, घाई आहे. मिस्टरांचं सकाळपासून तोंड डावीकडे गेलंय, उजवा डोळा मिटत नाही. सासूबाई म्हणतात हवा लागली, उद्या बघू. काय करू?

---

शब्दरूप, इंदूर
११ नोव्हेंबर, रात्री ९.०१

उद्या नाही, आत्ता निघा. घरी निदान करत बसू नका, पण वाटेत एवढं पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा: भुवया वर केल्यावर उजव्या कपाळावर आठ्या पडतात का? आठ्या पडत असतील आणि फक्त तोंड वाकडं असेल तर मेंदूचा झटका असू शकतो. हात किंवा पाय लुळा वाटला, बोलणं अडखळलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून त्रास नक्की किती वाजता दिसला ते सांगा. कानात पुळ्या आहेत का तेही बघायला सांगा, तो नागिणीचा प्रकार असतो आणि त्याची औषधं वेगळी लागतात. मधुमेह असेल तर ते आधी सांगा, बेल्स पाल्सीच्या स्टेरॉइड गोळ्यांनी साखर वाढते.

---

सराफा_गल्ली, इंदूर
१२ नोव्हेंबर, रात्री १२.४०

घरी आलो. कपाळावर आठ्या नव्हत्या, हातपाय ठीक, बेल्स पाल्सीच आहे. गोळी तिथेच दिली. डोळ्याला रात्री पट्टी लावायला सांगितलं, पण कशी ते विचारायचं राहिलं. कापूस ठेवून वरून लावू का?

---

शब्दरूप, इंदूर
१२ नोव्हेंबर, रात्री १२.४६

कापूस नको. आत डोळा उघडा राहिला तर कापूसच बुबुळावर घासतो. आधी मलम घाला. त्यांना नजर खाली करायला सांगा, बोटाच्या मागच्या बाजूने वरची पापणी हळूच खाली आणा, पूर्ण मिटलीय ना ते दिव्याखाली बघा. मग कागदी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा पापणीवरून तिरका, बाहेरच्या बाजूला गालाच्या हाडापर्यंत लावा. पापण्यांचे केस आत दुमडू देऊ नका. सकाळी ओल्या कापसाने पट्टी भिजवून काढा, ओढू नका. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. व्यायामाचं उद्या बोलू, त्याची आज काही घाई नाही.